दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूर आणि किशोरवयीन मुले : मुंबईतील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

घरात तान्हे बाळ आले की विडी ओढणारे आजोबा आपणहून बाहेर जातात, काका खिडकीपासून उठतात आणि एखाद्या पाहुण्याने काडेपेटी काढली तर त्याला कोणीतरी खुणेनेच थांबवते. तेच बाळ तेरा-चौदा वर्षांचे झाले की ही काळजी कधी गळून पडली हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ‘आता मोठा झाला’ असे सगळ्यांनी धरलेले असते. वास्तविक फुप्फुसांची वाढ किशोरवयात जोरात चालू असते आणि मुलग्यांमध्ये तर ती विशीच्या उंबरठ्यापर्यंत चालते. शिवाय याच वयात मूल एकटे हिंडू-फिरू लागते. क्लास, लोकल, नाक्यावरचा चहा, मित्राचे घर, टर्फवरची मॅच, गणपतीच्या मंडपातली जागरणे, या प्रत्येक ठिकाणी कोणाच्या ना कोणाच्या हातात सिगारेट असते. म्हणजे घरातला पहारा सुटलेला आणि बाहेरचा धूर वाढलेला, असे हे वय आहे.

भारतात १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांचे जे जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षण २०१९ साली झाले, त्यात सुमारे ११ टक्के मुलांना घरातच इतरांच्या धुराला सामोरे जावे लागत असल्याचे आढळले, आणि घर व बाहेर मिळून हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होते. घरातला आकडा बाहेरच्यापेक्षा लहान दिसतो, तरीही माझ्या मते आधी हात घालायचा तो घरातच, कारण घरातला धूर रोजचा असतो, बंद जागेतला असतो आणि तो थांबवण्याचा अधिकार आपल्याच हातात असतो. हा लेख पालकांसाठी आहे, शिक्षकांसाठी आहे, आणि ज्यांच्या नाकात हा धूर जातो त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी स्वतः वाचावा अशा बेताने लिहिला आहे.

आधी धूर कसा वागतो ते समजून घ्यावे

पेटलेल्या सिगारेटचा धूर हवेत दोन वाटांनी येतो. ओढणारा छातीत घेऊन सोडतो तो एक, आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात पेटत्या टोकातून नुसताच निघत राहतो तो दुसरा. खोलीत साठणाऱ्या धुराचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा असतो. तो कमी तापमानाला, अर्धवट जळून आणि कोणत्याही फिल्टरमधून न जाता बाहेर पडतो, त्यामुळे त्यातील कित्येक विषारी घटकांचे प्रमाण ओढणाऱ्याने आत घेतलेल्या धुरापेक्षाही जास्त असते. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात, त्यांपैकी निदान २५० अपायकारक आणि सुमारे ७० कर्करोगाला कारण होणारी आहेत. स्वतः न ओढणारी सुमारे १६ लाख माणसे दरवर्षी इतरांच्या धुरामुळे अकाली दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जपानमधील ताकेशी हिरायामा यांनी १९८१ सालीच दाखवून दिले होते, की भरपूर सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांच्या न ओढणाऱ्या पत्नींना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो.

आपल्याकडे उपाय म्हणून जे जे केले जाते, ते बहुतेक धूर दिसेनासा करण्याचे उपाय असतात. खिडकी उघडतात, पंखा पाचवर करतात, अगरबत्ती लावतात. धुराचे कण मात्र इतके बारीक असतात की ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतात, आणि वास गेला तरी ते गेलेले नसतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या) २००६ सालच्या अहवालात दोन गोष्टी अगदी स्पष्टपणे म्हटल्या आहेत : दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, आणि हवा खेळती ठेवून किंवा गाळून हा धोका नाहीसा करता येत नाही. अर्धा तास धुरात बसल्याने निरोगी माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या कामातही फरक पडल्याचे प्रयोगांत दिसले आहे. हवाशुद्धी यंत्र घेतले तर ते काही कण पकडते, पण वायुरूप विषे सहसा तशीच राहतात. स्प्लिट एसी तर बाहेरची हवा आत घेतच नाही, तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

मुंबईच्या घरांत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅलरीत उभे राहून ओढलेली सिगारेट बाहेर न जाता घरातच शिरते. आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असला, तर तो घरातली हवा बाहेर टाकताना तेवढीच हवा दारे-खिडक्यांतून आत ओढतो. गॅलरीत किंवा दाराबाहेर कोणी ओढत असेल, तर त्याचा धूरही तिच्याबरोबर घरात येतो. संध्याकाळी आई फोडणी देत असताना बाबा गॅलरीत असतील आणि मूल मधल्या खोलीत अभ्यासाला बसले असेल, तर धुराची वाट त्या मुलाच्या पुस्तकावरूनच जाते.

काही घरांत तव्यावर तंबाखू भाजून मशेरी केली जाते. हा धूर कोणी ओढत नसले तरी तो तंबाखूचाच धूर आहे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो सगळ्यांच्याच छातीत जातो. घरात धूम्रपान कोणीच करत नाही असे सांगणाऱ्या कुटुंबांनीही एवढे एकदा तपासून पाहावे.

आठवडाभराची नोंद ठेवावी

उपाय करण्याआधी धूर नेमका कुठून आणि किती वेळ येतो हे कळले पाहिजे. त्यासाठी एक साधी वही पुरते. वेळ, जागा, जागा बंद की उघडी, किती मिनिटे, आणि नंतर काय जाणवले, एवढेच लिहायचे. नोंद मुलाने स्वतः ठेवावी आणि वही त्याचीच राहावी. मित्रांची नावे त्यात लिहिण्याची गरज नाही आणि पालकांनी ती विचारूही नयेत, कारण ज्या दिवशी ही वही पुरावा म्हणून वापरली जाईल, त्या दिवसापासून तिच्यात खरे काही लिहिले जाणार नाही.

समजा, परळच्या चाळीत राहणाऱ्या दहावीतल्या मुलीच्या वहीत अशा ओळी आल्या : ‘सकाळी सहा, संडासाची रांग, पुढच्या दोघांच्या हातात विडी, दहा मिनिटे. संध्याकाळी साडेपाच, क्लासचा जिना, खालच्या टपरीचा धूर वर येतो, पाच मिनिटे. रात्री दहा ते साडेअकरा, बाबा गॅलरीत दोनदा, मी दाराशी अभ्यासाला, डोळे चुरचुरले, झोपताना खोकला.’ वास सर्वांत उग्र कुठे आला असे तिला विचारले, तर ती बहुधा संडासाची रांग सांगेल. पण वही नीट वाचली तर सर्वांत जास्त वेळ ती रात्री दाराशी धुरात बसते, रोज बसते, आणि परीक्षा जवळ येईल तशी हे बसणे वाढतच जाईल. तेव्हा पहिला उपाय रात्रीच्या त्या दीड तासाचा करायचा. रांगेत किंवा जिन्यात काय करता येईल हा नंतरचा प्रश्न आहे.

उंबरठ्याच्या आत धूर नाही, हा एकच नियम

घरापुरते बोलायचे तर खरोखर उपयोगी पडणारा नियम एकच आहे : घराच्या उंबरठ्याच्या आत कोणीही, कधीही, काहीही पेटवून ओढायचे नाही. ‘मुले घरात नसताना चालेल’, ‘फक्त मोरीत’, ‘फक्त गॅलरीत’, ‘पाहुणे आले तर एखाद वेळेस’ अशा सवलती ठेवल्या की नियम उरत नाही. मुले घरात नसताना ओढलेल्या सिगारेटचे निकोटीन भिंती, पडदे, गाद्या, सोफा आणि धुळीवर बसते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की असे साचलेले निकोटीन घरातल्या हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार करते. म्हणजे सिगारेट दुपारी विझली तरी संध्याकाळी शाळेतून आलेले मूल तिच्या उरलेल्या भागात येऊन बसते.

नियम ठरवताना ओढणाऱ्याने जायचे कुठे, हेही त्याच वेळी ठरवावे. नाहीतर दोन दिवसांत तो जिन्यात उभा राहतो आणि धूर शेजाऱ्यांच्या मुलांकडे जातो. इमारतीच्या प्रवेशद्वारापासून, तळमजल्याच्या खिडक्यांपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, उघड्यावरची एक जागा नक्की करावी. ओढून आल्यावर हात-तोंड धुवावे, शर्ट बदलून तो दाराजवळच्या खुंटीवर वेगळा टांगावा, आणि लगेच मुलांच्या खोलीत जाऊन बसू नये. राखेची ताटली घरातून काढून टाकावी. ती टेबलावर असेपर्यंत पाहुण्याला वेगळे काय सांगणार? लायटर आणि पाकीटही घरात समोर दिसतील असे ठेवू नये.

पावसाळा हा या नियमाचा खरा कस असतो. जुलैत आठ-आठ दिवस झड लागते, खिडक्या बंद असतात, खाली पाणी तुंबलेले असते, आणि ‘आजच्या दिवस’ म्हणून पेटवलेली विडी महिनाभर आतच राहते. म्हणून मेमध्येच बसून ठरवावे, की पावसाच्या संध्याकाळी काय करायचे. निकोटीनचा च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळतो, तो कसा चघळायचा हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे आणि घरात असण्याच्या वेळेपुरता वापरावा. ओढण्याची तीव्र इच्छा बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ निभावण्याची सोय घरातच असावी.

नियम लागू झाल्यावर घर एकदा नीट धुऊन काढावे. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी गरम पाण्यात धुवाव्यात, गाद्या उन्हात टाकाव्यात, भिंती व दारे-खिडक्या साबणाच्या पाण्याने पुसाव्यात, एसीची जाळी धुवावी. पुसताना फडक्यावर पिवळट तपकिरी डाग येतो तो घरातल्या मोठ्यांना दाखवावा. पुष्कळ समजावण्यापेक्षा तो डाग लवकर पटतो. भिंतींवर थर जुना असेल तर पुढच्या रंगकामाच्या आधी त्या घासून घ्याव्यात, नुसता वरून रंग मारल्याने तो आत तसाच राहतो.

हे बोलायचे कोणी आणि कसे

हे बोलण्याची जबाबदारी मुलावर टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याच्या पगारावर घर चालते त्या बापाला किंवा ज्यांच्या नावावर खोली आहे त्या आजोबांना चौदा वर्षांच्या मुलीने ‘बाहेर जा’ म्हणावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आईने, मोठ्या भावाने, मामांनी, किंवा घरातल्या ज्या माणसाचा शब्द मानला जातो त्याने हा विषय काढावा. वेळ जेवणानंतरची, सगळे निवांत असतानाची निवडावी. सिगारेट पेटलेली असताना बोलणे काढले तर त्याचे भांडण होते.

बोलण्याचा रोख सोडण्यावर नसावा, जागेवर असावा. ‘तुम्ही ओढू नका असे आज मी म्हणत नाही. पोरीची दहावी आहे, रात्री खोकला लागतो, घरात मात्र नको, एवढेच करा’ हे वाक्य ‘तुम्हाला घराची काही पडलेलीच नाही’ यापेक्षा पुष्कळ पुढे जाते. आजोबांशी बोलताना त्यांचा मान सांभाळूनच बोलावे. चाळीस वर्षे विडी ओढलेल्या माणसाला नातवासमोर दोषी ठरवले, तर तो नियम पाळण्याऐवजी लपून ओढू लागतो आणि ते अधिक वाईट. त्यांना जिना उतरणे जमत नसेल तर त्यांच्या फेरीच्या वेळा ठरवून घरातल्या कोणीतरी मोठ्या माणसाने त्यांना खाली घेऊन जावे. हे काम नातवाला देऊ नये, नाहीतर तो पुन्हा त्यांच्या शेजारीच धुरात उभा राहील.

मुलाला स्वतःहून बोलावेसे वाटले तर त्याला दोन-तीन सोपी वाक्ये हाताशी असू द्यावीत. ‘बाबा, धुराने मला अभ्यास सुचत नाही, खाली जाऊन या ना’ किंवा पाहुण्यांना ‘काका, आमच्याकडे घरात कोणी ओढत नाही, मी तुम्हाला खालची जागा दाखवतो.’ त्याने असे म्हटले आणि पाहुण्याने हसण्यावारी नेले, तर त्याच क्षणी घरातल्या मोठ्याने त्याची बाजू घेतली पाहिजे.

एक गोष्ट आजच थांबवावी : मुलाला सिगारेट किंवा विडी आणायला टपरीवर पाठवणे. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखूचे पदार्थ विकण्यास कायद्याने बंदी आहे, आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ नुसार मुलाच्या हाती तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेजाऱ्याचा धूर, जिना आणि सोसायटी

घर स्वच्छ झाले तरी मुंबईत भिंतीपलीकडे दुसरे घर असतेच. धूर कुठून येतो ते आधी शोधावे. नव्या-जुन्या अनेक इमारतींत संडास-बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात आणि खालच्या मजल्यावर ओढलेली सिगारेट त्या डक्टमधून वर चढते. बाथरूमच्या एक्झॉस्टला पंखा बंद असताना आपोआप मिटणारी झडप बसवावी, पाइप जिथे भिंतीतून येतात तिथली भोके सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवावीत, मुख्य दाराच्या खाली रबरी पट्टी लावावी. याने धूर कमी होतो, थांबत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढची पायरी चढावी.

पुढची पायरी म्हणजे शेजाऱ्याशी बोलणे. चिठ्ठी लावण्यापेक्षा किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटावर टोमणा मारण्यापेक्षा दारावर जाऊन दोन शब्द बोलावेत. ‘तुमच्या बाथरूमचा धूर आमच्याकडे येतो, मुलाला दम्याचा त्रास आहे’ हे अनेकांना ठाऊकच नसते, आणि कळल्यावर बरेच लोक जागा बदलतात.

तेवढ्याने भागले नाही तर सोसायटीत विषय न्यावा. दुसऱ्याच्या घराच्या आतल्या धूम्रपानावर २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा हात घालत नाही, पण जिना, लिफ्ट, लॉबी, पॅसेज, गच्ची, पार्किंग आणि वॉचमनची चौकी यांबाबत सोसायटीला ठराव करता येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच सचिवांना लेखी पत्र देऊन हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची विनंती करावी आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. ठरावाचा मसुदा स्वतःच लिहून द्यावा, म्हणजे सभेत शब्दांवरून वेळ जात नाही : ‘इमारतीचा जिना, लिफ्ट, लॉबी, पॅसेज, गच्ची व मुलांची खेळण्याची जागा येथे धूम्रपान करू नये. धूम्रपानासाठी प्रवेशद्वारापासून व तळमजल्याच्या खिडक्यांपासून दूर असलेली जागा समितीने दाखवून द्यावी. ही सूचना रहिवासी, पाहुणे, घरकाम करणारे, सुरक्षारक्षक व दुरुस्तीसाठी येणारे कारागीर या सर्वांना लागू राहील.’ वॉचमनला एकट्याला दटावून सभासदांना मोकळे सोडणारा नियम करू नये. त्याची रात्रपाळी लांब असते, त्यालाही जागा दाखवून द्यावी.

चाळीत सोसायटीची समिती नसली तरी मजल्याची माणसे असतात. सामाईक गॅलरी आणि नळाची-संडासाची रांग या दोन जागांपुरते तरी मजल्यावरच्या चार मोठ्या माणसांनी बसून ठरवावे. गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत हा विषय चांगला निघतो, कारण मंडपातल्या रात्रपाळीला पंधरा-सोळा वर्षांची मुलेच जास्त असतात.

शाळा, क्लास आणि टपरी

शिक्षणसंस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतरात तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांत या अंतरावर पिवळी रेषा आखण्याची आणि शाळेत एक तंबाखू मॉनिटर, म्हणजे हे नियम पाळले जातात का ते पाहणारी व्यक्ती, नेमण्याची तरतूद आहे. आपल्या शाळेच्या फाटकापुढे ती रेषा आहे का, फलक लागला आहे का, मॉनिटर कोण आहे, हे पालक-शिक्षक संघाच्या सभेत विचारावे. शिवाय महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यास बंदी आहे.

खासगी क्लासचा प्रश्न वेगळा आहे. अकरावी-बारावीची मुले दिवसाचे पाच-सहा तास तिथे असतात. इमारतीच्या तळाशी टपरी, वर अरुंद जिना आणि दोन बॅचच्या मधल्या वीस मिनिटांत तिथे गर्दी, असे चित्र दादर, अंधेरी, घाटकोपरला सहज दिसते. प्रवेश घेताना फी आणि निकाल विचारतो, तसेच मधल्या सुट्टीत मुले कुठे थांबतात हेही पालकांनी विचारावे. क्लासच्या संचालकांना वर्गातच थांबण्याची मुभा द्यायला सांगावे. एवढ्यानेही मुलांचा धुरातला वेळ निम्म्यावर येऊ शकतो. एकट्याने सांगण्यापेक्षा सात-आठ पालकांनी मिळून सांगितले तर लवकर ऐकले जाते.

लोकल, रिक्षा, हॉटेल

सार्वजनिक जागी धूम्रपान बंद करण्याची लढाई मुंबईच्या माणसाने लढली आहे. माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला मनाई करण्याचा आदेश दिला. त्यानंतर २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सविस्तर नियम लागू झाले. सार्वजनिक जागी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होतो. रेल्वे स्टेशन आणि बसथांबे उघड्यावर असले तरी या नियमांत येतात, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर ‘ही तर उघडी जागा आहे’ हे उत्तर चालत नाही.

मुलांना मात्र एक स्पष्ट सांगावे, की चालत्या लोकलच्या दारात ओढणाऱ्या अनोळखी माणसाशी त्यांनी वाद घालू नये. डब्याच्या आत सरकावे, पुढच्या स्टेशनवर डबा बदलावा, आणि तक्रार करायची असेल तर रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर गाडी, डबा व स्टेशन सांगून करावी. रिक्षा-टॅक्सीत चालक ओढत असेल तर बसण्याआधीच नम्रपणे सांगावे. तो नाही म्हणाला तर दुसरी रिक्षा करावी.

हॉटेल, मॉल, चित्रपटगृह येथे दाराशी ६० बाय ३० सेंटिमीटरचा धूम्रपान निषेधाचा फलक असावा लागतो आणि तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नावही दर्शनी भागी लावावे लागते. ओढणाऱ्याशी हुज्जत न घालता सरळ त्या व्यक्तीकडे जावे, कारण जागेच्या मालकाने किंवा व्यवस्थापकाने कारवाई केली नाही तर दंड त्यालाही होतो. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना धूम्रपानाची वेगळी खोली ठेवता येते. मुलांना घेऊन गेल्यास तिच्या दारापासून दूरचे टेबल मागावे.

मित्रांच्या घोळक्यात

पंधरा-सोळाव्या वर्षी घोळक्यातून उठून जाणे सोपे नसते, हे मोठ्यांनी मान्य करूनच बोलावे. ‘असल्या पोरांबरोबर राहू नकोस’ असे म्हटले की मूल मित्र सोडत नाही, सांगणे सोडते. त्यापेक्षा मुलाशी व्यवहाराचे बोलावे. चहा घेऊन टपरीपासून पलीकडे जाऊन उभे राहता येते. जिथे सिगारेट विकत नाहीत असा चहावाला शोधता येतो. ‘मला दम लागतो, शनिवारी मॅच आहे’ हे कारण मुलांमध्ये कोणी खोडून काढत नाही. मित्राच्या बंद खोलीत किंवा गाडीत कोणी पेटवले तर मात्र बाहेरच पडावे, कारण बंद गाडीत धुराचे प्रमाण फार झपाट्याने वाढते.

हुक्का ‘नुसता फ्लेवर’ आहे, असे मुलांना सांगितले जाते. त्यात तंबाखूच्या धुराबरोबर पेटत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइडही असतो, आणि शेजारी बसणाऱ्यालाही तो मिळतो. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीमागे हुक्क्याचे निखारे असल्याचे चौकशीत पुढे आले, त्यानंतर महाराष्ट्राने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. ई-सिगारेटवर देशभर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. तिच्यातून निघते ती नुसती वाफ नसते, तिच्यात निकोटीन आणि अतिसूक्ष्म कण असतात.

डॉक्टरांकडे कधी जावे

रात्रीचा किंवा पहाटेचा खोकला, छातीत घरघर, खेळताना इतरांपेक्षा लवकर लागणारा दम, वारंवार होणारी सर्दी, कान दुखणे, डोळ्यांची जळजळ, यांपैकी काही तीन-चार आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि घरात किंवा शेजारी धूम्रपान होते हे आपणहून सांगावे. पालक नेमके हेच सांगायचे टाळतात आणि मग औषधे बदलत राहतात. केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत छातीच्या विकारांची तपासणी होते. फुंकून करायच्या स्पायरोमेट्रीने फुप्फुसांचे काम मोजता येते. दमा असेल तर पंप नियमित वापरावा. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. पण धुरात राहून घेतलेल्या पंपाचा पुरेसा गुण येत नाही, हेही तितकेच खरे आहे. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे किंवा पंप घेऊनही श्वास न सुधारणे दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

लघवीतील किंवा लाळेतील कोटिनिन (निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासून गेल्या काही दिवसांत किती निकोटीन शरीरात गेले ते कळते. घरोघरी या तपासणीची गरज नसते. डॉक्टरांनी सांगितले तरच करावी, आणि मूल स्वतः ओढते का हे पकडण्यासाठी तर मुळीच करू नये.

ओढणाऱ्याला सोडायचे असेल तर

घराबाहेर जाऊन ओढण्याचा नियम पाळताना अनेकांच्या सिगारेटी आपोआप कमी होतात. ती संधी साधून मदत पुढे करावी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे, आणि ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिल्यास मोबाइलवर संदेशांद्वारे मार्गदर्शन मिळते. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात आणि चिडचिड, झोप न लागणे, बेचैनी साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरते. त्या दिवसांत घरातल्यांनी जुने हिशेब काढू नयेत. निकोटीनचे च्युइंगम व पट्ट्या, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या यांनी यशाची शक्यता वाढते. एकदा पुन्हा ओढली गेली तर सोडण्याचा निश्चय मोडला असे धरू नये, उंबरठ्याचा नियम तेवढा तसाच ठेवावा.

महिनाभराने मुलाने वहीत पुन्हा आठवडाभराची नोंद करावी आणि दोन्ही आठवड्यांतील बंद जागेतली मिनिटे शेजारी शेजारी मांडावीत. घरातली मिनिटे शून्यावर आली नसतील तर सवलत कुठे राहिली ते शोधावे. बहुधा ती गॅलरीत किंवा मोरीत सापडते. घरातली संपली असतील तर वहीत सर्वांत मोठी उरलेली नोंद कोणती आहे ते पाहून, क्लासचा जिना असो की डक्ट, पुढच्या महिन्यात तेवढीच एक हाती घ्यावी.